चेकवरचा ‘ओन्ली’ आणि बोलण्यातला ‘च’

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेलेल्या चिपळूणच्या मुलाला साहेब विचारतात, ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ मुलगा मनात म्हणतो, ‘मी इथलाच की, चिपळूणचाच.’ आणि तोंडाने म्हणतो, ‘सर, आय ॲम फ्रॉम चिपळूण ओन्ली.’ साहेब मराठी असतील तर त्यांना काही खटकत नाही, कारण त्यांच्याही कानात तोच ‘च’ वाजलेला असतो. साहेब बाहेरचे असतील तर मात्र ते क्षणभर थांबतात. त्यांना ऐकू आलेलं असतं, ‘मी फक्त चिपळूणचा आहे.’ माणूस आणखी किती गावांचा असू शकतो, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो.

मी चिपळुणात बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो. शिकवणीला येणाऱ्यांत दहावी-बारावीची मुलं असतात, नोकरीच्या शोधातले तरुण असतात आणि अलीकडे दुकान सांभाळणाऱ्या बायकाही असतात. त्यांच्या वह्यांत सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या जागी बसलेला शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, ‘ओन्ली’. सन २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. इंग्रजी शिकण्याची वर्षं वाढली, पण ‘ओन्ली’ आहे तिथेच राहिला. कारण ही चूक इंग्रजी कमी आल्यामुळे होत नाही. आपण आपल्या ‘च’कडे कधी नीट पाहिलेलं नसतं, म्हणून होते.

एका शब्दाने काय बिघडतं?

मुलाखतीत फार तर हसू होईल. पण कागदावर हाच शब्द महागात पडू शकतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर दुकानदारांना पंचनामे, नुकसानभरपाई आणि विमा यांच्या कागदांना तोंड द्यावं लागलं. समजा, त्यातला एक दुकानदार विम्याचा अर्ज इंग्रजीत लिहायला बसला आहे. त्याला सांगायचं आहे, ‘पाणी दुकानातच शिरलं.’ म्हणजे रस्त्यावर थांबलं नाही, उंबऱ्याशी थांबलं नाही, थेट आत आलं. तो लिहितो, ‘वॉटर एंटर्ड द शॉप ओन्ली.’ अर्ज वाचणारा दूरच्या शहरात बसलेला. तो वाचतो, ‘पाणी फक्त दुकानात शिरलं.’ म्हणजे मागचं गोदाम कोरडं राहिलं, वरचा माल वाचला. दुकानदाराने नुकसान ठासून सांगण्यासाठी जो शब्द घातला, त्याच शब्दाने नुकसान कमी करून दाखवलं.

त्याने लिहायला हवं होतं, ‘वॉटर केम राइट इंटू द शॉप.’ इथे ‘च’चं काम ‘राइट’ने केलं. पण त्याला ‘राइट’ म्हणजे ‘बरोबर’ आणि ‘उजवा’ एवढंच शिकवलेलं होतं. आणि ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ हे त्याला कुणी शिकवलंही नव्हतं. ते हवेतून आलं.

‘ओन्ली’चं खरं काम

‘ओन्ली’चं काम समजून घ्यायचं असेल तर आपलं चेकबुक उघडा. आकड्यात पाच हजार लिहून झाल्यावर आपण अक्षरी लिहितो, ‘फाइव्ह थाउजंड ओन्ली’. मराठीत लिहिलं तर ‘पाच हजार फक्त’. जुन्या पावत्यांवर ‘रुपये पाच हजार मात्र’ असंही सापडतं. हा शब्द तिथे कशासाठी? रक्कम ठासून सांगण्यासाठी नाही. त्यापुढे कुणी काही वाढवू नये म्हणून. ‘ओन्ली’ हे लावून घेतलेलं फाटक आहे. आत आहे तेवढं आत, बाकीचं सगळं बाहेर.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. ‘ओन्ली’ हा ‘वन’ या शब्दाच्या जुन्या रूपापासून झाला आहे. त्याच्या पोटात ‘एक’ बसलेला आहे, जसा आपल्या ‘एकच’, ‘एकटा’, ‘एकमेव’, ‘एकुलता’ या शब्दांत बसलेला आहे. एक आहे, दुसरं नाही, हा त्याचा मूळ अर्थ.

म्हणून पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम. ‘ओन्ली’ वापरण्यापूर्वी स्वतःला विचारा, ‘मी कुणाला तरी बाहेर ठेवतोय का?’ ठेवत असाल तर ‘ओन्ली’ घ्या. नुसता जोर द्यायचा असेल तर दुसरा शब्द शोधा. दुसरी सोपी चाचणी अशी, की मराठी वाक्यातला ‘च’ काढून तिथे ‘फक्त’ घालून पाहा. ‘माझ्याकडे शंभरच रुपये आहेत’ याचं ‘माझ्याकडे फक्त शंभर रुपये आहेत’ होतं, अर्थ हलत नाही. तिथे ‘ओन्ली’ चालेल. ‘मी येतोच’ याचं ‘मी फक्त येतो’ केलं तर वाक्य कोलमडतं. तिथे ‘ओन्ली’ नको.

‘च’ किती घरचा पाहुणा?

आपला ‘च’ हा एका अक्षराचा शब्द महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘च्चिअ’, ‘च्चेअ’ या रूपांपासून आला. संस्कृतात जे काम ‘एव’ करतो, ते मराठीत ‘च’ करतो. व्याकरणात त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. तो शब्दाला चिकटतो, पण त्या शब्दाचं रूप बदलत नाही. ‘घरात’ला लावा, ‘घरातच’ होतं. ‘गेला’ला लावा, ‘गेलाच’ होतं. ‘मात्र’, ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘ही’ ही त्याचीच भावंडं. मराठी व्याकरणाचा मोठा ग्रंथ, ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’, मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध केला. मालगुंडच्या दामले घराण्यातले ते, केशवसुतांचे धाकटे बंधू. म्हणजे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. इंग्रजी सुधारायला निघालेल्या मुलाला मी मराठी व्याकरणाकडे पाठवतो, तेव्हा तो चक्रावतो. पण रोगाचं मूळ तिथे असेल तर औषधही तिथेच शोधायला हवं.

एक गंमत जाता जाता. मराठीतला ‘ही’ दार उघडतो, ‘च’ बंद करतो. ‘मीही येणार’ म्हणजे आणखी लोकही येणार. ‘मीच येणार’ म्हणजे दुसरं कुणी नाही. हिंदीत नेमकं उलटं, तिथे ‘ही’ने दार बंद होतं. शेजारच्या दोन भाषांत एकच अक्षर विरुद्ध कामं करत असेल, तर सात समुद्रापलीकडच्या भाषेत आपल्या ‘च’ला एकच जोडीदार मिळेल, ही अपेक्षा तरी कशाला?

आता ‘च’ची कामं एकेक करून पाहू आणि प्रत्येकाला इंग्रजीत कुठला शब्द लागतो ते बघू.

पहिलं काम, मर्यादा घालणं. ‘दोनच मुलं आली.’ ‘ओन्ली टू चिल्ड्रन केम.’ इथे ‘ओन्ली’ बरोबर बसतो.

दुसरं काम, ओळख पटवणं. ‘हाच तो माणूस.’ ‘धिस इज द व्हेरी मॅन.’ ‘तीच चूक पुन्हा झाली.’ ‘द सेम मिस्टेक हॅपन्ड अगेन.’ इथे ‘व्हेरी’, ‘सेम’, कधी ‘एक्झॅक्टली’. ‘मला हेच म्हणायचं होतं’ याचं इंग्रजी ‘दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट आय मेंट’.

तिसरं काम, जागा किंवा वेळ नेमकी दाखवणं. ‘इथेच’ म्हणजे ‘राइट हिअर’. ‘आत्ताच आलो’ म्हणजे ‘आय हॅव जस्ट कम’. ‘आजच्या आजच करा’ म्हणजे ‘डू इट टुडे इटसेल्फ’ असं आपण म्हणतो. इंग्लंडातला माणूस ‘धिस व्हेरी डे’ किंवा नुसतं जोर देऊन ‘टुडे’ म्हणेल.

चौथं काम, खात्री देणं. ‘मी येतोच’ याचे मराठीत दोन अर्थ होतात. ‘आत्ता निघालो’ असं म्हणायचं असेल तर ‘आय विल बी राइट देअर’. ‘नक्की येणार’ असं असेल तर ‘आय विल डेफिनिटली कम’. ‘त्याने पैसे दिलेच’ याचं ‘ही डिड पे’. इथे ‘डिड’वर जोर देऊन बोलायचं, म्हणजे ‘च’ आपोआप ऐकू येतो.

पाचवं काम, घाई दाखवणं. ‘पाऊस थांबताच’ म्हणजे ‘ॲज सून ॲज द रेन स्टॉप्ड’. बारावीच्या परीक्षेत ‘ॲज सून ॲज’ आणि ‘नो सूनर… दॅन’ यांची अदलाबदल करायला सांगतात, ती याच ‘ताच’ची.

सहावं काम सगळ्यात धोक्याचं, नकाराला धार लावणं. ते वेगळं पाहू.

‘आलाच नाही’चा सापळा

‘तो आलाच नाही’ याचं आपल्याकडे सर्रास भाषांतर होतं, ‘ही डिडन्ट कम ओन्ली.’ मुंबईच्या लोकलमध्येही ते ऐकू येतं, बंगळुरूच्या ऑफिसांतही. ‘मला माहीतच नाही’ याचं ‘आय डोन्ट नो ओन्ली’ होतं. पण इंग्रजीत ‘नॉट’ आणि ‘ओन्ली’ एकत्र आले की अर्थ होतो, ‘एवढंच नव्हे, आणखीही आहे’. म्हणजे ज्या वाक्यात आपण दार घट्ट लावायला गेलो, तिथे ते सताड उघडं राहिलं.

नकारातल्या ‘च’साठी इंग्रजीत दोन शब्दांची जोडी आहे, ‘ॲट ऑल’. ‘ही डिडन्ट कम ॲट ऑल.’ ‘आय डोन्ट नो ॲट ऑल’पेक्षा ‘आय हॅव नो आयडिया’ अधिक सहज. या एका सापळ्यातून बाहेर पडलात तरी तुमचं बोलणं निम्म्याने सुधारलं असं समजा.

घड्याळाशी खेळू नका

वेळ सांगताना ‘च’ आणि ‘ओन्ली’ कधी एका दिशेला जातात, कधी पाठ फिरवतात. ‘कालच तर भेटलो आपण’ याचं ‘वी मेट ओन्ली येस्टर्डे’ हे अगदी बरोबर इंग्रजी. फार दिवस झाले नाहीत, हा अर्थ दोन्हीकडे सारखा.

पण आता हे पाहा. ‘पाहुणे सकाळी सातलाच आले.’ म्हणजे इतक्या लवकर आले की चहासुद्धा झाला नव्हता. याचं ‘द गेस्ट्स केम ओन्ली ॲट सेव्हन’ केलं तर इंग्रजी वाचकाला कळतं, सातपर्यंत वाट पाहावी लागली, पाहुणे उशिरा आले. अर्थ उलटा झाला. लवकर आल्याचं आश्चर्य सांगायचं असेल तर ‘ॲज अर्ली ॲज सेव्हन’. उशीर सांगायचा असेल तर ‘ओन्ली ॲट सेव्हन’, म्हणजे मराठीत ‘सातला कुठे आले’. घड्याळाच्या काट्याशेजारी ‘ओन्ली’ लिहिताना म्हणून एकदा थांबा. तुमच्या मनात ‘इतक्या लवकर’ आहे की ‘एवढ्या उशिरा’, हे आधी ठरवा.

शब्द एक, जागा अनेक

मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो, त्याच्यावर जोर येतो. हे वाक्य घ्या: ‘दादाने काल आईला आंब्याच्या दोन पेट्या पाठवल्या.’ आता ‘च’ला एकेका शब्दावर बसवा.

‘दादानेच’ म्हटलं की बाकीच्या भावंडांनी पाठवल्या नाहीत. ‘कालच’ म्हटलं की फार दिवस झाले नाहीत. ‘आईलाच’ म्हटलं की मावशीला नाहीत. ‘दोनच’ म्हटलं की पाच यायला हव्या होत्या. ‘पाठवल्याच’ म्हटलं की शेवटी एकदाच्या पाठवल्या. एका अक्षराने पाच घरं फिरून पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

इंग्रजीत ‘ओन्ली’लाही असंच फिरता येतं, पण तो शब्दाच्या आधी उभा राहतो, नंतर नाही. ‘ओन्ली दादा सेंट’ म्हणजे दादानेच. ‘सेंट ओन्ली मदर’ म्हणजे आईलाच. ‘ओन्ली टू बॉक्सेस’ म्हणजे दोनच. ‘ओन्ली येस्टर्डे’ म्हणजे कालच. आणि ‘पाठवल्याच’? तिथे ‘ओन्ली’ला जागा नाही. तिथे ‘दादा डिड सेंड देम’ म्हणावं लागतं. शिवाय ‘दादानेच’ म्हणताना नुसती ओळख पटवायची असेल, म्हणजे ‘पाठवणारा दादा होता बरं का’ असं म्हणायचं असेल, तर ‘इट वॉज दादा हू सेंट देम’.

‘च’ शेवटी चिकटतो म्हणून आपण ‘ओन्ली’लाही शेवटी ढकलतो. त्यात भर पडते फलकांची. ‘लेडीज ओन्ली’, ‘स्टाफ ओन्ली’, ‘मेंबर्स ओन्ली’ हे आपण रोज वाचतो. तिथे ‘ओन्ली’ शेवटी आहे आणि ते चुकीचंही नाही. पण ती सूचनांची भाषा, आणि तिथेही काम फाटक लावण्याचंच आहे. महिलांसाठी राखीव म्हणजे इतरांना मज्जाव. फलकावरची मांडणी उचलून आपण ती बोलण्यात आणली, आणि फाटकाचं काम मात्र फलकावरच ठेवून आलो.

आता हुशार विद्यार्थी विचारतो, ‘सर, पण इंग्रज माणूस तर आय ओन्ली मेट हिम येस्टर्डे असं म्हणतो. तिथे ओन्ली येस्टर्डेच्या शेजारी कुठे आहे?’ प्रश्न बरोबर आहे. बोलताना इंग्रजीत ‘ओन्ली’ बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी जातो, आणि आवाजाचा जोर ज्या शब्दावर पडेल त्याचा तो होतो. इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनी १९२६ सालीच या सवयीची बाजू घेतली होती आणि प्रत्येक ‘ओन्ली’ला खेचून जागेवर बसवणाऱ्या पंडितांना चिमटे काढले होते. तेव्हा बोलताना फार काटेकोर राहू नका. लिहिताना मात्र आवाज सोबत नसतो. अर्ज, करार, परीक्षा, विमा, कोर्टाचा कागद यांत ‘ओन्ली’ ज्या शब्दासाठी आहे त्याच्या अगदी आधी ठेवा.

‘ओन्ली’च्या काही खास जोड्या

आतापर्यंत ‘च’कडून ‘ओन्ली’कडे गेलो. आता उलट्या वाटेने येऊ. इंग्रजी वाचताना ‘ओन्ली’ दिसला की प्रत्येक वेळी ‘फक्त’ लावून चालत नाही.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’ ही दिसायला जुळी, स्वभावाने वेगळी. ‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’. कर्जाच्या किंवा अनुदानाच्या कागदात हा शब्द दिसला तर तिथे बोट ठेवून वाचा. ती अट आहे, ती पुरी झाली नाही तर पैसे नाहीत. ‘इफ ओन्ली’ ही हळहळ आहे. ‘इफ ओन्ली वी हॅड मूव्ह्ड द बुक्स अपस्टेअर्स!’ म्हणजे ‘पुस्तकं वरच्या मजल्यावर नेली असती तर!’ १८६४ सालापासून चालत आलेलं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर पुराच्या पाण्यात सापडलं, तेव्हा आम्हा वाचकांच्या तोंडून हेच वाक्य निघालं. मराठीत निघालं एवढाच फरक.

‘ओन्ली टु’पुढे क्रियापद आलं तर सावध व्हा. ‘ही रॅन टु द स्टेशन, ओन्ली टु फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मुलं भाषांतर करतात, ‘गाडी गेलेली शोधण्यासाठी तो स्टेशनवर धावला.’ बिचारा कशाला असा धावेल? खरा अर्थ, ‘तो धावत स्टेशनवर गेला, पाहतो तर गाडी सुटलेली.’ अपेक्षाभंग सांगण्याची ही इंग्रजीची रीत आहे, आणि आपल्याकडे तिला ‘पाहतो तर काय’ असा तयार तोडीचा तुकडा आहे.

‘ॲन ओन्ली चाइल्ड’ म्हणजे एकुलतं एक मूल. ‘ओन्ली अ चाइल्ड’ म्हणजे अजून लहान मूल आहे, सोडून द्या. मधला एक ‘अ’ इकडचा तिकडे झाला की घरातली माणसं बदलतात. लग्नासाठी परिचयपत्र इंग्रजीत लिहिताना हे लक्षात असू द्या, नाहीतर अठ्ठावीस वर्षांचा नवरा मुलगा ‘अजून लहानच आहे’ असं छापून जाईल.

‘ओन्ली टू ग्लॅड’, ‘ओन्ली टू हॅपी’ यांत मर्यादा नाही, उलट भरभरून आनंद आहे. ‘आय विल बी ओन्ली टू ग्लॅड टु हेल्प’ म्हणजे ‘मी अगदी आनंदाने मदत करीन’.

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ ही जोडी परीक्षेत हमखास येते. दोन गोष्टी सांभाळा. एक, ‘नॉट ओन्ली’नंतर ज्या जातीचा शब्द आला, ‘बट ऑल्सो’नंतर त्याच जातीचा हवा, नामापुढे नाम, क्रियापदापुढे क्रियापद. दोन, वाक्य ‘नॉट ओन्ली’ने सुरू केलं तर पुढची रचना प्रश्नासारखी उलटते: ‘नॉट ओन्ली डिड ही सिंग, बट ही ऑल्सो डान्स्ड.’ हीच उलथापालथ ‘ओन्ली आफ्टर’, ‘ओन्ली व्हेन’ यांनी सुरू होणाऱ्या वाक्यातही होते: ‘ओन्ली आफ्टर द वॉटर वेंट डाउन कुड वी ओपन द डोअर.’

आणि शेवटचा उपयोग, जो आपल्याकडे फारसा शिकवला जात नाही. ‘द मँगोज आर स्वीट, ओन्ली दे आर कॉस्टली.’ इथे ‘ओन्ली’ म्हणजे ‘पण’. मराठीत काय म्हणू? ‘आंबे गोड आहेत, मात्र महाग आहेत.’ पाहा, जुन्या पावतीवर ‘पाच हजार मात्र’ म्हणताना जो शब्द ‘फक्त’ होता, तोच इथे ‘पण’ झाला. इंग्रजी ‘ओन्ली’नेही अगदी हेच केलं. म्हणजे इतकी वर्षं आपण ‘ओन्ली’ची सोयरीक ‘च’शी जुळवत होतो, आणि त्याचं खरं भावंड निघालं ‘मात्र’. वाक्यातल्या ‘च’च्या जागी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ बसला नाही, तर ‘ओन्ली’ही बसणार नाही.

कुठे चालतं, कुठे चालत नाही

‘आय ॲम हिअर ओन्ली’ म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांपैकी मी नाही. जोर देण्यासाठी शेवटी येणारा हा ‘ओन्ली’ भारतीय इंग्रजीची ओळखच झाला आहे, आणि भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा गंभीरपणे अभ्यास केला आहे. हिंदीतला ‘ही’, मराठीतला ‘च’ असे देशी जोरदर्शक शब्द मनात असलेले लाखो लोक तो वापरतात आणि एकमेकांना तो बरोबर कळतो. मित्राच्या व्हॉट्सॲपवर तो खुशाल लिहा. चिपळूणच्या माणसाने कराडच्या माणसाशी इंग्रजीत बोलताना तो आला तर कुंभार्ली घाट काही कोसळणार नाही.

पण समोरचा माणूस आपल्या ‘च’च्या पलीकडचा असेल, किंवा कागदावर पैसा, हक्क, गुण, नोकरी यांपैकी काही अवलंबून असेल, तिथे ‘ओन्ली’ला त्याच्या मूळ कामावरच ठेवा.

करून पाहा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग उत्तरं पाहा.

१. मी आज घरीच आहे.
२. त्याने फोन उचललाच नाही.
३. माझ्याकडे पन्नासच रुपये उरलेत.
४. लावणी संपताच तो मुंबईला गेला.
५. वारा पडला तरच होडी सुटेल.
६. माझं दुकान चिंचनाक्यावरच आहे.

उत्तरं अशी. पहिल्यात ‘आय ॲम ॲट होम टुडे’ पुरे. ‘च’ला इंग्रजीत काहीच लागत नाही. हेही शिकण्यासारखं आहे, की प्रत्येक ‘च’चं भाषांतर करावं लागत नाही. दुसऱ्यात ‘ही डिडन्ट पिक अप द फोन ॲट ऑल’. तिसऱ्यात ‘आय हॅव ओन्ली फिफ्टी रुपीज लेफ्ट’. चौथ्यात ‘ॲज सून ॲज’. पाचव्यात ‘ओन्ली इफ’. सहाव्यात ‘माय शॉप इज राइट ॲट चिंचनाका’. सहा वाक्यांत सहा ‘च’, आणि ‘ओन्ली’ लागला फक्त दोनदा.

रोज एवढं करा. दिवसभरात तुमच्या तोंडून निघालेली ‘च’ असलेली पाच वाक्यं रात्री वहीत लिहा आणि प्रत्येक ‘च’समोर त्याचं काम लिहा: मर्यादा, ओळख, नेमकेपणा, खात्री, घाई की नकार. इंग्रजी करायची घाई नको. आठवड्याभरात कान तयार होतो, आणि मग ‘ओन्ली’ जिभेवर आला की आतून कुणीतरी विचारतं, ‘बाहेर कुणाला ठेवतोयस?’

ज्यांच्या आडनावात आमचं गाव आहे, त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करून मराठी गद्याला धार दिली, आणि त्यांनीच १८८० साली टिळकांसारख्या तरुण सहकाऱ्यांना घेऊन पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. मराठीची धार आणि इंग्रजीची शाळा या दोन गोष्टी एकाच माणसाला एकमेकींच्या आड येत आहेत असं वाटलं नाही. तुम्हालाही वाटू देऊ नका. पुढच्या वेळी कुणी ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ विचारलं तर ताठ मानेने म्हणा, ‘आय ॲम फ्रॉम चिपळूण’, आणि तिथे पूर्णविराम द्या. ‘ओन्ली’ चेकबुकासाठी राखून ठेवा.